चौदाव्या खणाखालचं पाणी : एका व्यापारी संकुलातल्या काँक्रीट पदपथाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका दुमजली व्यापारी संकुलातलं आहे. तळमजल्यावर दुकानं आणि एक दवाखाना, वरच्या मजल्यावर कार्यालयं. संकुल ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवला आहे. देखभालीची तांत्रिक बाजू माझ्याकडे होती, त्यामुळे जे चुकलं त्यात माझाही वाटा आहे.

इमारत आणि वाहनतळ यांच्या मधून ८४ मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद असा काँक्रीटचा पदपथ जातो. सांध्यांनी त्याचे ३५ चौरस खण पडले आहेत. जाडी १०० मिमी, आत सळई नाही. माणसांच्या चालण्यापुरती एवढी जाडी पुरते. सांध्यांमधलं अंतर जाडीच्या २४ ते ३० पटींच्या आत ठेवावं असा सर्वसाधारण आडाखा आहे. त्याहून लांब खण केला तर आकसणारं काँक्रीट मधेच कुठेतरी स्वतःहून तडकतं. इथे हे अंतर बरोबर २४ पट होतं. म्हणजे आराखड्यात खोट नव्हती.

गच्चीवरचं पावसाचं पाणी चार उभ्या पाइपांनी खाली येतं, पदपथाच्या पोटातून आडवं जातं आणि वाहनतळाच्या कडेच्या पावसाळी गटाराला मिळतं. इमारतीच्या मूळ नकाशात हे स्पष्ट दाखवलं होतं. मी तिथे काम करत होतो त्या सगळ्या काळात तो नकाशा एकदाही उघडला नव्हता.

घटना घडली तेव्हा संकुल ११ वर्षांचं होतं. पदपथाची देखभाल म्हणजे रोजचा झाडू, आठवड्यातून एकदा धुणं आणि तक्रार आली की तेवढ्या जागी जाऊन काहीतरी करणं. यापलीकडे काही ठरलेलं नव्हतं.

अडचण

दवाखान्यातून बाहेर पडलेल्या एक वयस्कर बाई काठी टेकत चालल्या होत्या. १३ आणि १४ क्रमांकाच्या खणांमधल्या सांध्यावर त्यांना ठेच लागली आणि त्या पुढच्या पुढे कोसळल्या. हात टेकल्यामुळे डोकं वाचलं, पण मनगटाचं हाड मोडलं. सुरक्षारक्षकाने त्यांना उचलून परत दवाखान्यात नेलं आणि मला फोन केला.

मी पोहोचलो तेव्हा सांध्यावर पट्टी ठेवून मोजलं. १४वा खण खचला होता आणि १३व्या खणाची कड १४ मिमी वर राहिली होती. उभ्याने पाहिलं तर ती नीट दिसतही नव्हती, कारण दोन्ही बाजूंचा रंग एकच. ऐकायला १४ मिमी किरकोळ वाटतात. पण सपाट जमिनीवर चालताना पाऊल पुढे येतं तेव्हा बुटाचं टोक आणि जमीन यांत साधारण १० ते २० मिमीच जागा राहते. पाय ओढत चालणाऱ्याला तेवढीही नसते. अमेरिकेतल्या सुगम्यतेच्या मानकांत ६.४ मिमीपर्यंतची उभी कड तशीच चालते, १२.७ मिमीपर्यंत ती १:२ उताराने तासावी लागते आणि त्यापुढे रीतसर उतार बांधावा लागतो. आमची कड यातल्या शेवटच्या गटात जात होती.

मला जास्त बोचलं ते पुढचं. जुनी बिलं काढली तेव्हा कळलं की याच सांध्यावर तीन वर्षांत तीनदा काम झालं होतं. पहिल्यांदा १३व्या खणाची कड ६ मिमी घासली होती. त्यानंतर दोनदा खालच्या बाजूला सिमेंटच्या मालाने निमुळता उतार काढला होता. असा माल कडेला शून्यावर आणला की तिथे तो कागदासारखा पातळ होतो, जुन्या काँक्रीटला धरत नाही आणि काही महिन्यांत खपल्या पडून निघून जातो. दोन्ही वेळा तेच झालं. प्रत्येक वेळी आम्ही तक्रार ‘निकाली’ लिहून फाइल बंद केली. खण दर वर्षी किती खचतोय याची एकही नोंद कुठे नव्हती.

पहिला निर्णय : त्याच संध्याकाळी

पडलेल्या बाईंना घरी पाठवल्यावर तासाभरात व्यवस्थापनाच्या बैठकीत सूचना आली की ग्राइंडर आणून रात्रीतच कड घासून टाकू, सकाळी प्रश्न उरणार नाही. सूचना करणाऱ्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. आणखी कोणी पडू नये ही भीती खरीच होती. पण घासल्यावर आधीची स्थिती कायमची पुसली गेली असती. पडलेल्या व्यक्तीवर तो अन्याय झाला असता आणि आम्हालाही कारण शोधायला काही उरलं नसतं.

शेवटी ठरलं ते असं. सांध्याचे पट्टीसह फोटो काढायचे, १२ ते १५ हे चार खण लगेच बंद करायचे, घटनेची खरी नोंद त्याच दिवशी लिहायची आणि विमा कंपनीला ती जशीच्या तशी द्यायची. या प्रकरणातला हा सर्वांत बरोबर निर्णय होता असं मला आजही वाटतं.

त्याच निर्णयात एक चूकही होती. आम्ही बंद केलेल्या जागेला वळसा म्हणून लोकांना वाहनतळातून वाट दिली आणि दोन्ही टोकांना कठडे लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी चाकाच्या खुर्चीवरून आलेला एक रुग्ण त्या वाटेच्या तोंडाशी अडकला, कारण वाहनतळात उतरायला १५० मिमीचा काठ होता. ज्यांच्यासाठी हे सगळं करायचं त्यांनाच आम्ही बाहेर ठेवलं होतं. दुपारपर्यंत दोन्ही टोकांना १:१२ उताराचे लाकडी रॅम्प बसवले, कडेला पकडायला कठडा केला. तात्पुरती वाट आखणाऱ्याने ती आधी चाकं असलेल्या गाडीवरून स्वतः फिरून पाहावी. आमच्याकडे सामानाची ढकलगाडी होती, तीही पुरली असती.

तपासणी

तपासणीला पाच दिवस लागले आणि साधनं अगदी साधी होती. तीन मीटरची सरळ पट्टी, उंचीतला फरक मोजणारं लेव्हल मशीन, हातोडा, खडू. प्रत्येक खणाच्या चारही कोपऱ्यांची उंची घेतली, म्हणजे १४० नोंदी झाल्या. मग प्रत्येक खण हातोड्याने ठोकत गेलो. भरीव पायावरचा खण ठणठणीत आवाज देतो. खाली पोकळी असेल तर आवाज बद्द येतो. १४व्या खणावर तर तो फरक रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळला असता. मुकादम माझ्याबरोबर होते. ते म्हणाले, “साहेब, हे आत्तापर्यंत वरून घासत होतो आपण. खाली तर काहीच नाही.”

नोंदींवरून ३५ खणांची वर्गवारी झाली. १९ खण उत्तम होते. ९ खणांत फक्त सांध्यातलं सीलंट, म्हणजे पाणी आत जाऊ नये म्हणून भरलेला रबरासारखा माल, सुटलं होतं. १२ ते १५ हे चार खचलेले. २३ आणि २४ आडवे तडकलेले. आणि ३१वा खण एका झाडाच्या मुळाने १८ मिमी उचलला होता. या यादीचा पहिला फायदा असा झाला की ‘सगळा पदपथ उखडून नवा करू’ ही मागणी थांबली. ३५ पैकी २८ खणांना मोठं काहीच नको होतं.

१४व्या खणाला छिद्र पाडून गज सोडला तर खाली ६० मिमी पोकळी निघाली. १२ आणि १५ खाली ती २० ते २५ मिमी होती. माती गेली कुठे? याचं उत्तर आम्हाला सफाईचं काम करणाऱ्या काकांनी दिलं. पोकळीची चर्चा त्यांनी उभ्या उभ्या ऐकली आणि सांगितलं की दुसऱ्या पाइपाच्या समोर गटाराच्या तोंडाशी दर पावसाळ्यात पाटीभर वाळू साचते, ते ती काढून टाकतात. इतर तीन पाइपांपाशी असं होत नाही. ती वाळू आमच्याच पदपथाखालच्या भरावातली होती. चार वर्षं ते ती उचलत होते आणि चार वर्षं त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं.

मग नकाशा उघडला. दुसऱ्या पाइपाची आडवी ओळ १३ आणि १४ यांच्या सांध्याखालूनच जात होती. पाइपात रंगीत पाणी सोडलं. ओतलं त्याहून बरंच कमी पाणी गटारात पोहोचलं. कॅमेरा घातल्यावर दिसलं की पाइपाचा एक जोड सरकून उघडा पडला आहे आणि त्याच्या पुढे पालापाचोळा अडकून अर्धी वाट बंद झाली आहे. एवढं कळल्यावर सगळा क्रम जुळला. जोराचा पाऊस आला की तुंबलेलं पाणी उघड्या जोडातून बाहेर भरावात घुसायचं. पाऊस ओसरला की तेच पाणी बारीक माती आणि वाळू घेऊन पाइपात परत यायचं आणि गटारात जायचं. त्यात मुळात पाइपाचा चर बुजवताना भरावाची दबाई नीट झाली नव्हती, त्यामुळे माती सुटायला वेळ लागला नाही. खण खचला, त्याचा ढाळ उलटा होऊन इमारतीकडे झाला, पृष्ठावरचं पाणीही भिंतीलगत थांबू लागलं आणि सुटलेल्या सांध्यातून तेही खालीच उतरू लागलं.

ज्या ठिकाणी हिवाळ्यात पाणी गोठतं तिथे हाच पदपथ आणखी लवकर गेला असता. गोठताना पाण्याचं आकारमान सुमारे ९ टक्के वाढतं, आणि सांध्यात किंवा खालच्या भरावात साचलेलं पाणी खण खालून उचलतं. आमच्याकडे तेवढा एक त्रास नव्हता.

पर्याय

खचलेल्या चार खणांसाठी पाच मार्ग टेबलावर होते.

पुन्हा घासणं सगळ्यांत झटपट होतं. पण १३व्या खणाची कड आधीच ६ मिमीने कमी झाली होती. आणखी १४ मिमी काढली तर १०० पैकी ८० मिमी उरले असते. उलटा ढाळ तसाच राहिला असता आणि पोकळीही. घासणं हा उपाय वाईट नाही. खाली सगळं स्थिर असेल आणि फरक थोडा असेल तर तोच योग्य. इथे जमीन अजून हलत होती.

दुसरा मार्ग सिमेंट आणि मातीची पातळ लापशी दाबाने खाली भरून खण उचलण्याचा, तिसरा पॉलियुरेथेन फोम भरून उचलण्याचा. लापशीला ४० ते ५० मिमीची छिद्रं लागतात आणि तिचं वजन आधीच कमकुवत झालेल्या भरावावर पडतं. फोमला साधारण १६ मिमीची छिद्रं पुरतात, तो हलका असतो आणि काही मिनिटांत घट्ट होतो. त्याचा दोष असा की एकदा फुगला की मागे घेता येत नाही.

चौथा मार्ग खण फोडून नव्याने ओतण्याचा. पाचवा काँक्रीट काढून तिथे पेव्हर ब्लॉक बसवण्याचा, म्हणजे पाइपासाठी पुन्हा कधी उघडावं लागलं तर तोडफोड नको. हा शेवटचा विचार मला पटत होता. पण चार खणांपुरते ब्लॉक घातले असते तर दोन्ही टोकांना दोन वेगळ्या साहित्यांचा सांधा आला असता, आणि दवाखान्याच्या दारासमोर नेमकी तशी जागा नको होती.

निर्णय पाइपामुळे सोपा झाला. जोड दुरुस्त करायला १३ आणि १४ फोडावेच लागणार होते, तेव्हा ते नव्याने ओतायचे. १२ आणि १५ धड होते, तडा नव्हता, ते फोमने उचलायचे.

क्रमावरून मात्र वाद झाला. फोमवाल्या कंत्राटदाराला त्याच आठवड्यात मोकळी तारीख होती आणि पुढची तारीख महिन्याने. दुकानदारांचाही आग्रह होता की जे होण्यासारखं आहे ते लगेच करा. मी नकार दिला. पाइपाचा जोड उघडा असताना फोम भरला असता तर तो पाइपातच शिरून घट्ट झाला असता आणि अर्धी बंद असलेली वाट पूर्ण बंद झाली असती. महिनाभर थांबलो. त्या महिन्यात बोलणी पुष्कळ खावी लागली.

तडकलेल्या दोन खणांची गोष्ट वेगळीच निघाली. पहिली कल्पना अशी होती की माल उतरवणाऱ्या गाड्या पदपथावर चढतात, तेव्हा खांब उभे करून त्यांना अडवायचं. खांबांची मापंही घेतली. मग एक सकाळ तिथे उभा राहून पाहिलं. मागच्या बाजूच्या दुकानांना माल पोहोचवायला दुसरा रस्ता होता, पण तो बराच लांबून जात होता आणि त्यात दोन पायऱ्या होत्या. हमाल जड खोकी पायऱ्यांवरून कशाला नेतील? खांब लावले असते तर गाड्या दोन खण पुढे जाऊन चढल्या असत्या. म्हणून उलट केलं : २३ आणि २४ हीच गाडी ओलांडायची अधिकृत जागा ठरवली, तिथे १५० मिमी जाडीचे, जाळी घातलेले खण ओतले आणि खांब तिच्या दोन्ही बाजूंना लावले.

३१व्या खणाला कुऱ्हाड लावायची माझी तयारी नव्हती. पदपथ उचलणारं मूळ जाड होतं आणि खोडापासून जेमतेम मीटरभर. असं मूळ तोडलं तर झाड वाऱ्यात आधार गमावतं आणि जखमेतून कुजायला लागतं. वृक्षतज्ज्ञाला बोलावलं. त्यांच्या सल्ल्याने तो खण काढून झाडाच्या आळ्याला जास्त जागा दिली. उरलेल्या रुंदीत मुळावर खडीचा थर देऊन खण जरा उंच ओतला आणि शेजारच्या दोन खणांवर हलका उतार काढून त्याला जोडला. झाड वाढत राहणार आणि खणही पुन्हा हलणार, हे गृहीत धरूनच.

प्रत्यक्ष काम

१३ आणि १४ फोडल्यावर चर मोकळा केला, पाइपाचा तेवढा तुकडा बदलला आणि जमीन थोडी हलली तरी सुटणार नाही असे लवचिक जोड वापरले. उभा पाइप जिथे जमिनीत शिरतो तिथे झाकणाची छोटी चेंबर बांधली, म्हणजे कचरा वरूनच काढता येईल. बुजवण्याआधी पाइप पाण्याने भरून तपासला. मग भराव १५० मिमीच्या थरांनी घातला आणि प्रत्येक थराची यंत्राने दबाई केली. मुकादमांनी दोन थर एकदम टाकायला एकदाच परवानगी मागितली, पुन्हा नाही मागितली. ११ वर्षांपूर्वी नेमकं हेच कोणीतरी केलं होतं हे आम्ही दोघंही त्या चरात उभे राहून पाहत होतो.

वर १०० मिमी खडीचा थर, त्यावर काँक्रीट. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५, म्हणजे सिमेंटच्या वजनाच्या ०.४५ पट पाणी. ढाळ इमारतीपासून दूर, ५० ला १, म्हणजे २.४ मीटर रुंदीत ४८ मिमी. भिंतीलगत दबणाऱ्या फळीचा १२ मिमी सांधा. १३ आणि १४ या नव्या खणांमध्ये आडवे गज टाकले, त्यांचं एक टोक ग्रीस लावून मोकळं ठेवलं. त्याने खण लांबीच्या दिशेने आकसू शकतो, पण शेजाऱ्यापेक्षा वरखाली होऊ शकत नाही. पृष्ठ चालण्याच्या दिशेला आडव्या झाडूने खरबरीत केलं. दोन खणांमधला सांधा दुसऱ्या दिवशी सकाळी, जाडीचा चौथा हिस्सा म्हणजे २५ मिमी खोल कापला.

ओतकामाच्या संध्याकाळी पाऊस आला. अंदाज स्वच्छ होता म्हणून ताडपत्री आणून ठेवली नव्हती. ती येईपर्यंत १४व्या खणावर पाणी साचलं आणि एका कामगाराने ते शोषून घ्यायला वरून कोरडं सिमेंट भुरभुरलं. हातावरची ही जुनी सवय आहे. त्याने पृष्ठ तेवढ्यापुरतं कोरडं दिसतं, पण वरचा मिलिमीटरभर थर कमजोर होतो. मी तेव्हा चेंबरपाशी होतो. माझ्या लक्षात आलं तोवर रंधा फिरून झाला होता. तो थर ताजा असतानाच खरवडून काढायला हवा होता, आणि मी तसं सांगितलं नाही. अंधार पडत होता, लोक थकले होते, मी चालवून घेतलं.

ओलं गोणपाट टाकून ७ दिवस पाणी मारलं. शेजारच्या दुकानदाराला वाट दुसऱ्या दिवशीच हवी होती. तिसऱ्या दिवशी गोणपाटावर फळ्या टाकून पायी जायला दिली, ढकलगाड्यांना ७ दिवसांनी.

फोमच्या दिवशी लेव्हल मशीन सतत चालू ठेवलं. १२वा खण थोडा थोडा करत ११ मिमी उचलून बरोबर थांबवला. १५व्या खणाचा एक कोपरा ३ मिमी जास्त वर गेला. शेवटची भरणी एका जागी किंचित जास्त झाली, एवढंच कारण. तो खाली आणता येत नाही, म्हणून कड हलकी घासली. घासताना पाणी आणि धूळ ओढणारं यंत्र दोन्ही लावलं. काँक्रीटच्या धुळीतली बारीक सिलिका फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग होतो आणि तो बरा होत नाही. आधीच्या वेळी, तीन वर्षांपूर्वी, कामगाराने तोंडाला फक्त रुमाल बांधला होता, हे मला फोटोत दिसलं.

सुटलेल्या सांध्यांचं काम नऊ खणांपुरतं म्हणून सुरू झालं आणि सगळ्या पदपथाचं केलं. जुना माल काढून सांधा कोरडा केला, तळाशी फोमची दोरी दाबली आणि वर रुंदीच्या निम्म्या खोलीइतकं सीलंट भरलं. दोरी नसेल तर सीलंट तळालाही चिकटतं, तिन्ही बाजूंनी जखडतं आणि सांधा उघडला की फाटतं. आमचं आधीचं सीलंट बहुतेक जागी तसंच फाटलेलं होतं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्यांदा कड घासली त्याच दिवशी दोन्ही खणांची उंची लिहून ठेवायला हवी होती. पुढच्या वर्षी तीच नोंद पाहिली असती तर खण अजून खचतोय हे कागदावर दिसलं असतं आणि दुसऱ्या मलमपट्टीऐवजी छिद्र पाडून पाहिलं असतं. म्हणजे त्या बाई पडण्याच्या दोन वर्षं आधी. हे मला अजून सुटत नाही.

सफाईच्या लोकांना विचारायला हवं होतं. आता महिन्यातून एकदा त्यांच्याबरोबर पदपथावरून चालत जातो. त्यांना वाळू, गळती, डुगडुगणारं झाकण, पाणी साचणारा कोपरा हे सगळं माझ्या आधी दिसतं.

ओतकामाच्या दिवशी ताडपत्री जागेवर असायलाच हवी होती, अंदाज काहीही असो. आणि सिमेंट भुरभुरण्याबद्दल काम सुरू होण्याआधी बोलायला हवं होतं. नंतर ओरडून उपयोग नव्हता. तो कामगार बिचारा मदतच करत होता.

फोमसाठी महिनाभर थांबलो ते बरोबर होतं, पण त्या महिन्यात दुकानदारांना आम्ही एकच चिठ्ठी पाठवली. पाइपाच्या आतला कॅमेऱ्याचा फोटो त्यांना दाखवला तेव्हा अर्धा विरोध तिथेच मावळला. तो फोटो पहिल्या आठवड्यातच दाखवता आला असता.

निष्पत्ती

काम पूर्ण झाल्यावर दोन पावसाळे गेले. दर तीन महिन्यांनी त्याच १४० बिंदूंवर लेव्हल घेतली जाते. झाडाजवळचा ३१वा सोडला तर नव्या आणि उचललेल्या खणांत कुठल्याही सांध्यावर ३ मिमीपेक्षा जास्त फरक नाही. भिंतीलगत पाणी थांबत नाही. दुसऱ्या पाइपासमोर वाळू येणं बंद झालं. काकांनी दोन्ही पावसाळ्यांत आपणहून येऊन सांगितलं. चेंबरांची झाकणं पावसाआधी आणि पावसाच्या मध्यावर उघडली जातात. पडण्याची नवी घटना नाही. एकदा ओल्या पानांवरून कोणीतरी घसरलं, सावरलं, आणि त्याचीही नोंद झाली. झाडाजवळच्या खणांचा झाडू तेव्हापासून पावसाळ्यात दोन वेळा होतो.

१४व्या खणाचा पृष्ठभाग चार महिन्यांत पांढरी भुकटी सोडू लागला. वरचा कमजोर थर हलका घासून काढला आणि पृष्ठ घट्ट करणारं सिलिकेटचं द्रावण मुरवलं. भुकटी थांबली, पण त्या खणाचा खरबरीतपणा शेजाऱ्यांपेक्षा कमी आहे, म्हणून ओल्या दिवसांत त्याच्यावर आमची नजर असते. ३१व्या खणाच्या कडेला झाडाने पुन्हा ५ मिमी उचल दिली आहे. पुढच्या वर्षी तिथला उतार नव्याने काढावा लागेल.

गेल्या तिमाहीच्या नोंदीत १६व्या खणाचा एक कोपरा २ मिमीने खाली गेलेला दिसला, या तिमाहीत ४. डोळ्यांना काहीच दिसत नाही, ठेच लागण्याइतका फरकही नाही, आवाज अजून भरीव आहे. पाइपात कॅमेरा घालायचं काम पुढच्या सोमवारी ठेवलं आहे.